जीएसटी लावून पैसे घेतले, बिल मात्र दिलं नाही: ब्राउझर दुरुस्तीच्या नावाखाली गेलेले 79,398 रुपये 82 पैसे

रक्कम आधीच सांगते, म्हणजे पाच-पन्नास रुपयांसाठी ओरडतेय असं कुणाला वाटायला नको. 79,398 रुपये 82 पैसे. घरच्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर हळू चालतो म्हणून मदत मागायला गेले आणि एवढे घालवून बसले. बरेच दिवस हे घराबाहेर कुणाला बोलले नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. आता लिहितेय, कारण आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींना परवा हुबेहूब असाच फोन आला.

मी सांगलीची. पतसंस्थेत 27 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची 11 वर्षं कॅशला. संध्याकाळी रोकड जुळली नाही असा माझा एक दिवस नाही. सध्या घरी बसून तीन दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची रिटर्न भरते. हे मुद्दाम सांगतेय. "कसं काय कळलं नाही तुम्हाला?" हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता ऐकवत नाही.

कॉम्प्युटर 2013 सालचा, विंडोज 7 वर चालणारा. विंडोज 7 ला अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्येच थांबवलं आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती 109, ती 2023 च्या जानेवारीतली. म्हणजे माझा ब्राउझर जवळपास दोन वर्षं जागच्या जागी थांबलेला होता. वर एक पट्टी रोज यायची, नवीन अपडेट हवे असतील तर विंडोज 10 लागेल म्हणून. मी ती रोज बंद करायची. हळूहळू काही साइट अर्धवट उघडायला लागल्या, बटणं दाबली जाईनात. त्यात कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस" अशा चौकटी येऊ लागल्या. त्या व्हायरसच्या नव्हत्याच. कधीतरी कुठल्या तरी साइटवर मी नोटिफिकेशनला "अलाऊ" म्हटलं होतं, त्याच्या जाहिराती होत्या. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली की दोन मिनिटांत बंद होतात. हे मला नंतर कळलं.

19 डिसेंबर 2024, गुरुवार, रात्रीचे नऊ. दुसऱ्या दिवशी 20 तारीख, रिटर्नची मुदत. जीएसटीचं पान उघडेना. घाईघाईत ब्राउझर दुरुस्तीची हेल्पलाइन शोधली. सगळ्यात वर जो नंबर आला, तो फिरवला. तो नंबर वर होता कारण कुणीतरी पैसे भरून जाहिरात लावली होती. क्रोम असो, फायरफॉक्स असो की एज, ही ब्राउझर फुकट आहेत आणि त्यांच्या कंपन्यांचं फोनवर दुरुस्ती करून पैसे घेणारं कुणी नसतं. अपडेट करायचं तर ते ब्राउझरच्याच मेनूत, "अबाउट"मध्ये जाऊन होतं.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. गोड बोलणारा मुलगा, "मॅडम, मॅडम", स्क्रीन दूरून चालवायचं ॲप, त्याचा कोड. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून दाखवला. लाल आणि पिवळ्या खुणांची ही भली मोठी यादी. "मॅडम, 1,300 एरर आहेत." धडधाकट कॉम्प्युटरवरही तशी यादी असते, कारण विंडोज प्रत्येक बारीकसारीक गोष्टीची नोंद ठेवतं. तुमच्या घरी आत्ता उघडून बघा, तुम्हालाही लाल खुणा दिसतील. त्यानंतर काळ्या खिडकीत नेटस्टॅट, म्हणजे कॉम्प्युटर कुणाकुणाशी जोडलाय ते दाखवणारी आज्ञा, चालवली आणि "फॉरिन ॲड्रेस" या रकान्यावर माउस फिरवत राहिला. परदेशातले हॅकर आत शिरलेत म्हणाला. त्या फॉरिनचा परदेशाशी काडीचा संबंध नाही, समोरच्या टोकाचा पत्ता एवढाच अर्थ. मी मात्र घाबरले. तीन दुकानांचे पासवर्ड त्याच कॉम्प्युटरमध्ये होते. ती भीती खरी होती आणि ती भीती मला माझ्या पैशांची नव्हती, लोकांच्या पैशांची होती.

तीन वर्षांचा "ब्राउझर सिक्युरिटी आणि स्पीड प्लॅन", 4,999 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 899 रुपये 82 पैसे. एकूण 5,898 रुपये 82 पैसे.

इथे मी थांबायला हवं होतं. रात्री झोप उडते ती या जागेपाशी. पैसे भरताना मोबाइलवर नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, एका माणसाचं होतं, नाव आणि आडनाव. मी विचारलंसुद्धा. "ते आमचे अकाउंटंट आहेत मॅडम, बिल मेलवर येईल." आणि मी पिन टाकला. महिन्याला शेकडो बिलं माझ्या हाताखालून जातात. बिलावर जीएसटी नंबर नसेल तर मी ते दुकानदाराच्या तोंडावर परत करते. पंधरा अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. एका खासगी माणसाच्या खात्यात जीएसटीसकट पैसे जातातच कसे, हा साधा प्रश्न मला त्या रात्री पडला नाही. 82 पैशांपर्यंत बरोबर हिशेब केलाय म्हणून उलट विश्वास बसला. बिल आजतागायत आलेलं नाही.

त्या रात्री त्याने जुनी हिस्ट्री पुसली, पान उघडलं, रिटर्न गेलं. म्हणून मी गप्प बसले.

24 जानेवारी 2025, शुक्रवार, संध्याकाळी सहा. तोच आवाज, आता "काकू". कंपनी बंद होतेय, सगळ्यांचे पैसे परत करतोय. वार बघा. 25 ला चौथा शनिवार, 26 ला रविवार, बँक थेट सोमवारी उघडणार. त्यांनी दिवस निवडून फोन केला होता. व्हॉट्सॲपवर "रिफंड फॉर्म" नावाची फाइल आली, शेवटी एपीके, म्हणजे फॉर्म नव्हे, मोबाइलचं ॲप. इन्स्टॉल करताना तिने मेसेज वाचायची परवानगी मागितली आणि मी दिली. नंतर नेटबँकिंग उघडायला लावलं आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. "सर्व्हरवर काम चालू आहे काकू, हात लावू नका."

6 वाजून 40 मिनिटांनी मेसेज आला: 49,000 रुपये वजा.

मी कॉम्प्युटरची वायरच उपटली. पण खरा चोर मोबाइलमध्ये बसला होता, ओटीपी तिथूनच त्यांच्याकडे जात होते. अशा वेळी आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा, एपीके काढून टाका आणि फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा. मी माझ्याच मोबाइलवरून बँकेला 6:47 ला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा, खात्यासाठी एक दाबा, मग सतार. सतार वाजत असतानाच 6:58 ला आणखी 24,500 गेले. माणूस बोलला तो 7:06 ला.

आता बँकेचं ऐका. सोमवारी शाखेत गेले तर साहेब म्हणाले, "ओटीपी तुम्हीच दिला." मी एकही ओटीपी कुणाला सांगितलेला नाही. ते लेखी द्या म्हटलं तर म्हणे हेड ऑफिसकडून येईल. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मी 6:47 ला कळवायला फोन लावलाय, माझ्या कॉल लॉगमध्ये 19 मिनिटं दिसतात. बँक म्हणते तक्रारीची नोंद 7:06 ची आहे, त्यामुळे 24,500 रुपये "कळवण्यापूर्वीचे". सतार वाजवणारी यंत्रणा बँकेची, उशीर बँकेचा आणि भुर्दंड माझा! हेच मी शाखेत तीनदा ओरडून बोलले. रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती, त्याची मला आता लाज वाटत नाही.

पोलिसांचं तर विचारू नका. ठाण्यात म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. ठाण्यात परत गेले तर अंमलदार साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला एकाने विचारलं, "पैसे ज्या खात्यात गेले ते परराज्यातलं आहे, आम्ही काय करणार?" 1 जुलै 2024 पासून जो नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यायचाच असतो. हे मी, एका हिशेबनिसाने, त्यांना वाचून दाखवायचं का? पाचव्या खेपेला नोंद झाली. त्यासाठी भाचा वकील आहे म्हणून सांगावं लागलं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मात्र त्याच रात्री तक्रार घेतली गेली, पोचक्रमांक मिळाला. त्यामुळेच समोरच्या खात्यात उरलेले 11,200 रुपये गोठले. पण तेही सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. पैसे गेल्यावर पहिला फोन 1930, बँक त्यानंतर. मी उलटं केलं.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर शेजारच्या मुलाने 1,850 रुपयांची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घालून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट आणि नवा फायरफॉक्स बसवून दिला. फुकट मिळणाऱ्या गोष्टी आहेत या. जीएसटीचं पान आता काही सेकंदांत उघडतं. मजुरी घेतली नाही त्याने, चहा घेतला. पडद्यावर भोंगा वाजवत मोठी चौकट आली आणि बंद होईना, तर एस्केप दाबून धरायचं, नाहीतर विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि त्यातून ब्राउझरच बंद करायचा, हेही त्याने शिकवलं. खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

मार्चमध्ये आणखी एक फोन आला. स्वतःला वकील म्हणवणारा. "तुमचे 73,500 रुपये सोडवून देतो, फाइल फी फक्त 3,500." आकडा अगदी बरोबर होता. मी तो घरच्यांशिवाय, बँकेशिवाय आणि पोलिसांशिवाय कुणालाच सांगितला नव्हता. फोन कापला आणि तो नंबर 1930 च्या तक्रारीत जोडला.