चीनमध्ये सहाजण, पाठीवर सॅक: शहरं जोडायची बुलेट ट्रेननं की रात्रीच्या स्लीपरनं?

ऑक्टोबर 2025 पासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली आणि आमच्या ट्रेकच्या मंडळींमध्ये चीनचे बेत शिजायला लागले. विचारणारे बहुतेक ग्रुप पाच-सहा जणांचे आणि प्रश्न एकच: एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं कसं? दिवसा बुलेट ट्रेन की रात्रीची स्लीपर? व्हिसा, पैसे भरायची ॲपं, सिमकार्ड यांबद्दल वाचायला भरपूर मिळतं, म्हणून त्यात शिरत नाही. दोन्ही गाड्यांनी मी मित्रांबरोबर फिरलो आहे. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे. ते कशामुळे झुकलं तेही सांगतो, म्हणजे तुमच्या ग्रुपला ते लागू पडतं का, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

बुलेट ट्रेनबद्दल आधी मनापासून सांगतो की ती उत्तम आहे. बीजिंग ते शांघाय हे 1,318 किलोमीटर अंतर सगळ्यात वेगवान गाडी साडेचार तासांच्या आत कापते. फलाटावर डब्यांचे नंबर रंगवलेले असतात आणि दार अगदी त्या खुणेसमोर येऊन उघडतं. सॅक घेऊन धावपळ नाही, गाडी आल्यावर ‘आपला डबा कुठंय’ अशी हाकाटी नाही. धूम्रपानाला पूर्ण बंदी आहे. दमून-भागून आलेल्या माणसाला ही गाडी म्हणजे मोठाच आराम.

दोन्ही गाड्या खऱ्या अर्थानं समोरासमोर येतात त्या बीजिंग–शीआनसारख्या अंतरावर, म्हणजे हजार-बाराशे किलोमीटरच्या टप्प्यात. बुलेट ट्रेन साधारण साडेचार ते सहा तास घेते, रात्रीची गाडी अकरा-बारा किंवा त्याहून थोडे जास्त. बुलेट ट्रेनचं सेकंड क्लासचं तिकीट पाचशे युआनच्या वर जातं. हार्ड स्लीपर, म्हणजे रात्रीच्या गाडीतला झोपायचा स्वस्त वर्ग, त्याच्या जवळपास निम्म्यात मिळतो आणि एका रात्रीचं हॉस्टेलचं भाडंही वाचतं. पण तेवढ्यासाठी मी स्लीपर निवडला असता असं वाटत नाही. पैसे वाचवून रात्रभर झोप घालवण्यात अर्थ नसतो.

मला नकोसा झाला तो स्टेशन ते हॉस्टेल हा प्रवास. गाडीचा म्हणून जो वेळ आपण धरतो, त्यात तो मोजलेलाच नसतो.

ताशी 350 किलोमीटरनं धावणाऱ्या गाडीला वळण घ्यायचं तर त्याची त्रिज्या सुमारे 7 किलोमीटर लागते. अशी लाइन जुन्या शहराच्या पोटातून कुठून नेणार? त्यामुळे नवी स्टेशनं बरीचशी शहराच्या कडेला उभी राहिली, आणि पुढे शहर तिकडे वाढेल असंही नियोजन त्यामागे आहे. कुनमिंगचं दक्षिण स्टेशन शहराच्या मध्यापासून 25-30 किलोमीटर दूर आहे. यांगश्वो नावाचं बुलेट ट्रेनचं स्टेशन तर यांगश्वो गावात नाहीच. ते शिंगपिंगला आहे आणि तिथून गावात यायला बसनं तासभर लागतो. एकट्या-दुकट्या माणसाला याचं विशेष काही नाही, तो मेट्रोत बसतो किंवा टॅक्सी करतो. सहाजणांचं गणित वेगळं होतं, कारण साध्या टॅक्सीत चौघं बसतात. मग दरवेळी दोन टॅक्सी, दोन बुकिंगं, दोन ड्रायव्हर.

दक्षिणेकडच्या एका नव्या स्टेशनावर आम्ही रात्री दहाच्या पुढे उतरलो. स्टेशन विमानतळाएवढं होतं, खाली पार्किंगचे मजले, प्रत्येक मजल्याला रंग आणि अक्षर. दोन्ही टॅक्सी ॲपवरून मागवल्या, तर एकीनं पूर्वेचा पिकअप दाखवला, दुसरीनं पश्चिमेचा. तिघं इकडे, तिघं तिकडे. ड्रायव्हर फोन करून चिनीत काहीतरी सांगतोय आणि त्या तळमजल्यात नेटवर्क येतंय-जातंय. पहिले तिघे हॉस्टेलवर पोचले, पण खोल्या ग्रुपच्या नावावर असल्यानं सगळ्यांचे पासपोर्ट दाखवल्याशिवाय किल्ल्या मिळेनात. दुसरे तिघे येईपर्यंत मध्यरात्र उलटली होती. त्यात कोणाचीच चूक नव्हती. पण हेच सोंग प्रत्येक शहरात दोनदा करावं लागतं, एकदा येताना आणि एकदा जाताना. त्याशिवाय प्रत्येक स्टेशनाच्या दारात सॅक एक्स-रेमधून जाते, फाटकावर बऱ्याच ठिकाणी परदेशी पासपोर्टवाल्यांना माणूस बसलेल्या रांगेतून जावं लागतं, आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. मध्ये उसंत असावी म्हणून तुम्ही तासभर आधी निघता. हे सगळं जमेस धरलं की ‘साडेचार तासांची गाडी’ म्हणता म्हणता आख्खा दिवस खाते, तोही दिवसाउजेडाचा.

सहासीटरही मागवता येते, हे खरं. पण सहा माणसं आणि सहा मोठ्या सॅक एकत्र बसवणं अवघडच, आणि गर्दीच्या वेळी ती लवकर येत नाही. मेट्रोचा पर्याय चांगला आहे. शीआनच्या उत्तर स्टेशनावरून दोन नंबरची मेट्रो थेट शहराच्या मध्यावरच्या बेल टॉवरला आणून सोडते. असं जिथे असेल तिथे माझा आक्षेप निम्मा गळून पडतो.

रात्रीच्या गाड्या मात्र अजून बऱ्याच जुन्या स्टेशनांवरून सुटतात. शीआनचं जुनं स्टेशन शहराच्या तटबंदीला अगदी लागून आहे. सकाळी बाहेर पडलं की समोर मिंग काळातला तट, जवळपास 14 किलोमीटर लांबीचा. तटाच्या आतल्या कुठल्याही हॉस्टेलात सॅक टाकायची, मुस्लिम मोहल्ल्यात नाश्ता करायचा आणि तटावर सायकली घ्यायच्या. आमच्यातल्या शाकाहारी मैत्रिणीला तिथली ल्यांगपी, म्हणजे थंड नूडल्स, इतकी आवडली की दुपारीही तीच. आदल्या रात्री बीजिंगमध्ये जेवून निघालेली माणसं सकाळी शीआनच्या तटावर सायकल चालवत होती आणि मधला एकही दिवस गेला नव्हता.

आता आतलं सांगतो. हार्ड स्लीपरच्या डब्यात कप्प्यांना दारं नसतात. प्रत्येक कप्प्यात समोरासमोर तीन-तीन असे सहा बर्थ. म्हणजे सहाजणांचा ग्रुप असेल तर कप्पा आपलाच. साइड बर्थ नाहीत, त्या जागी खिडकीशी दुमडत्या खुर्च्या आणि छोटं टेबल. बर्थवर स्वच्छ उशी आणि जाड पांघरूण असतं. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ. अख्खा डबा सारखा तिथे ये-जा करत असतो, कोणी नूडल्सचा डबा घेऊन, कोणी काचेच्या बाटलीत चहाची पानं घेऊन. आम्ही घरून नेलेलं मेतकूट आणि झटपट पोह्यांची पाकिटं त्याच पाण्यावर निभावली.

शेजारच्या कप्प्यातल्या एक आजी आमच्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी सूर्यफुलाच्या बियांची पिशवी आमच्या टेबलावर ओतली आणि ‘यिन्दू?’, म्हणजे ‘भारत?’, असं विचारलं. होय म्हटल्यावर बी दातांत उभी धरून कशी फोडायची ते त्यांनी आम्हाला दाखवलं. आम्हाला ते जमेना तेव्हा स्वतःच सोलून देऊ लागल्या. आम्ही चकल्या दिल्या. त्यांनी एक मोडून वास घेतला, खाल्ली आणि दुसरी रुमालात बांधून ठेवली. नातवासाठी, असं फोनवरच्या भाषांतरातून कळलं. दहाच्या सुमाराला डब्यातले दिवे गेले आणि खिडकीचे पडदे लागले. बुलेट ट्रेनमध्ये अशी ओळख होत नाही असं नाही, पण तिथे सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. शिवाय सेकंड क्लासमध्ये एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन सीटा, तेव्हा सहावा माणूस पुढच्या किंवा मागच्या रांगेत जातोच, आणि तिकिटं उशिरा काढली तर दुसऱ्याच डब्यात.

स्लीपरच्या उणिवा लपवत नाही. जुन्या गाड्यांत दोन डब्यांच्या मधल्या जागेत सिगारेट ओढू देतात, आणि तो धूर टोकाच्या कप्प्यात येतो. नाकाचा त्रास असणारं कोणी बरोबर असेल तर हे कारण एवढं मोठं आहे की माझं बाकीचं सगळं बाजूला ठेवा. सगळ्यात वरच्या बर्थवर ताठ बसता येत नाही. बर्थ साधारण 180 सेंटिमीटर लांब आणि 60 रुंद, त्यामुळे सहा फुटी माणसाचे पाय बाहेर येतात. घोरणारा एखादा असतोच. सकाळी बेसिनपाशी रांग लागते. आमच्यातल्या एकाला चालत्या गाडीत झोप येतच नाही. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गप्प असायचा, आणि त्याच्यासाठी आम्ही पुढचा टप्पा बुलेट ट्रेननं केला. झोपेचा प्रश्न असेल तर मोकळेपणानं आधीच बोलून घ्या.

चौघांचा ग्रुप असेल तर सॉफ्ट स्लीपर बघा. कप्प्याला दार असतं, बर्थ चार, आणि शांतता बरीच जास्त. किंमत वाढते. शिवाय चौघं एका टॅक्सीत मावतात, म्हणजे माझी मुख्य तक्रारच तुम्हाला उरत नाही. अशा ग्रुपला बुलेट ट्रेन सोयीची वाटली तर मी वाद घालणार नाही.

बाहेरचं बघायचं म्हणून गाडी निवडत असाल, तर शीआन–चेंगदू हा टप्पा विचार करण्यासारखा आहे. डिसेंबर 2017 मध्ये सुरू झालेली बुलेट ट्रेन चारेक तासांत पोचवते, पण छिनलिंगचे डोंगर ती बोगद्यांतूनच पार करते. खिडकीत अंधार, क्षणभर दरी, परत अंधार. जुना बाओजी–चेंगदू मार्ग 1950 च्या दशकातला. त्याच्या बाओजीकडच्या घाटात 1961 मध्ये चीनमधल्या मुख्य रेल्वेमार्गाचं पहिलं विद्युतीकरण झालं. त्या मार्गावर गाडी डोंगराला वळसे घालत चढते आणि थोड्या वेळापूर्वी आपण जिथून आलो तो रूळ खाली दिसतो. अर्थात रात्रीच्या गाडीतून यातलं काहीच दिसणार नाही, म्हणून या टप्प्याला रात्रीच्या गाडीचा हट्ट मी धरत नाही. दिवसा जाणारी जुनी गाडी मिळाली तर तीच घ्या.

चेंगदूहून खाली युन्नानकडे उतरताना एका गाडीसाठी जरूर वाकडी वाट करा. जुना चेंगदू–कुनमिंग मार्ग 1970 मध्ये सुरू झाला. सुमारे 1,100 किलोमीटरमध्ये 427 बोगदे आणि 991 पूल. 2022 च्या अखेरीस समांतर नवी लाइन पूर्ण झाली आणि चेंगदूहून कुनमिंगला सात-आठ तासांत जाता येऊ लागलं. पण जुन्या मार्गावर ल्यांगशानच्या डोंगराळ भागात पूश्योंग आणि पानझिहुआच्या दरम्यान तिथल्या यी या अल्पसंख्याक समाजाच्या लोकांसाठी एक संथ गाडी चालते. तिची तिकिटं 2 युआनपासून सुरू होतात. बाजाराला निघालेली माणसं भाजीच्या करंड्या, कोंबड्या, डुकरं घेऊन चढतात. तिथे झोपायची सोय नाही आणि दिवसभर बसावं लागतं, पण चीनच्या रेल्वेत सगळ्यात मन लावून खिडकीबाहेर आणि डब्यातही बघत राहिलो ते तिथेच.

छोट्या टप्प्यांना हा विचारच करू नका. कुनमिंग–दाली दोनेक तासांचं आहे, तिथे सरळ बुलेट ट्रेन. फक्त लक्षात ठेवा की दालीचं स्टेशन श्यागुआनला आहे. जुनं गाव तिथून पंधराएक किलोमीटरवर, आणि तिकडे सिटी बस जाते. बसमध्ये सहाजण एकत्र मावतात.

तेव्हा सहाजण असाल, झोप बरी लागत असेल आणि धुराचा त्रास नसेल, तर हजार किलोमीटरच्या आसपासचे टप्पे रात्रीच्या हार्ड स्लीपरनं करावेत असं मला वाटतं. तिकिटं रेल्वेच्या 12306 या अधिकृत ॲपवर साधारण 15 दिवस आधी खुली होतात. सहाही जणांचे पासपोर्ट तिथे आधीच नोंदवून ठेवा, कारण त्या पडताळणीला वेळ लागू शकतो आणि तोवर तिकीट काढता येत नाही. तिकिटं खुली होतील त्याच दिवशी एकत्र काढा, म्हणजे एकाच कप्प्यात बर्थ मिळायची शक्यता वाढते. खालच्या बर्थचं तिकीट थोडं महाग असतं, पण दिवे जाईपर्यंत तिथे सगळेच बसतात, त्यामुळे लवकर झोपणाऱ्याला मधला द्या. 1 ते 7 ऑक्टोबरची सुटी आणि चिनी नववर्षाच्या आधी-नंतरचे आठवडे शक्यतो टाळा. त्या दिवसांत सहा बर्थ एकत्र मिळणं कठीणच. आणि स्टेशन निवडताना शहराचं नुसतं नाव बघू नका. नावापुढे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असं काही लागलेलं असेल तर नकाशावर हॉस्टेलपासूनचं अंतर बघूनच पैसे भरा.