शिडाच्या छोट्या बोटीची रुंदी किती असावी : एका हंगामाच्या वापरानंतर

साडेपाच मीटर लांबीची आमची शिडाची बोट ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरली आणि पावसाळा तोंडावर आल्याने आता ट्रेलरवरून चेंबूरला सोसायटीच्या आवारात परतली आहे. प्लायवूड आणि इपॉक्सीत बांधलेल्या या बोटीची कमाल रुंदी 2.1 मीटर आहे, पाण्याच्या रेषेवरची, म्हणजे बोट पाण्याला टेकते तिथली, रुंदी मात्र 1.65 मीटर. हंगामभराच्या वापरानंतर माझे ठाम मत झाले आहे की, बोट निवडताना यांतला दुसरा आकडा आधी विचारावा. माहितीपत्रकात ठळक छापलेला असतो तो पहिला.

ट्रेलरची बोट घेणारे बहुतेक जण रस्त्यावरच्या वाहनाच्या रुंदीला कायद्याने घातलेल्या मर्यादेपासून सुरुवात करतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार आपल्याकडे ती 2.6 मीटर आहे, युरोपात 2.55 मीटर, तर अमेरिकेत साडेआठ फूट, म्हणजे 2.59 मीटर. मर्यादा आहे तेवढी रुंदी पदरात पाडून घ्यावी, हा विचार मला पटत नाही. साडेतीन मीटरच्या मार्गिकेत 2.6 मीटरची बोट दोन्ही बाजूंना जेमतेम 45 सेंटिमीटर सोडते. थंडीत पवना धरणावर जाताना खंडाळ्याच्या घाटात कंटेनर खेटून जात होते, तेव्हा आमची बोट बोलेरोच्या बाहेर प्रत्येक बाजूला वीतभराहून कमी होती आणि तिच्या दोन्ही कडा आरशांत दिसत होत्या, याचे मोल तिथे कळले. जे-24 ही नावाजलेली बोट 2.71 मीटर रुंद आहे, पण तिच्याच घराण्यातली नंतरची जे-70, जी ट्रेलरवरून सहज नेता यावी अशी आखलेली आहे, ती 2.25 मीटरवर थांबते.

रुंदीचा मोठा लाभ स्थैर्याचा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. लांबी आणि आकार तोच ठेवला, तर पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात सुरुवातीचे स्थैर्य, म्हणजे बोट कलू लागताना होणारा विरोध, वाढते, म्हणजे 1.8 ऐवजी 2.1 मीटर केल्यास ते जवळजवळ 1.6 पट होते. आमच्या बोटीत हा लाभ थोडा कमी आहे. सत्तरी ओलांडलेल्या आईने धक्क्यावरून काठावर पाय ठेवला की बोट चार बोटे खाली जाते, पण तिथेच थांबते, कारण वर उघडत गेलेली बाजू पाण्याला टेकते. शिवाय वाऱ्यात काठावर बसणाऱ्याला तोच जास्तीचा पसारा उपयोगी पडतो.

पाण्यालगतची कमी रुंदी कामी येते ती मुंबईच्या पाण्यात. डिसेंबरच्या सकाळी मतलई वारा मंद असतो. रुंद तळाची बोट अशा वेळी पाणी ओढत राहते, आमची हलकेच पुढे सरकते. दुपारी वायव्येचा खारा वारा भरला आणि गेटवेसमोर लाँचच्या लाटा आडव्यातिडव्या येऊ लागल्या की सपाट, रुंद नाळ (बोटीचे पुढचे टोक) आपटते आणि वेग मारला जातो. रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या सीबर्ड बोटी वीस फूट लांबीला केवळ सहा फूट रुंद आहेत, त्याचे मला आता नवल वाटत नाही. मागचा भाग फार रुंद असलेली बोट कलली की सुकाणू पाण्याबाहेर येऊ लागते, हाही दोष आमच्याकडे जाणवला नाही.

ट्रेलरवर तर हा आकार मला सर्वांत जास्त आवडला. अरुंद तळ दोन मडगार्डांच्या मधोमध खाली बसतो आणि बाजू मडगार्डांच्या वरून बाहेर येतात. सरसकट रुंद बोट चाकांच्या वर ठेवावी लागते. मग तिची उंची वाढते आणि ती तरंगवण्यासाठी ट्रेलर अधिक खोल न्यावा लागतो. मोठ्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो आणि ओहोटीला धक्क्याचा उतार संपून चिखल सुरू होतो, त्यामुळे बोट उतरवायला भरतीच्या आगेमागे थोडेच तास मिळतात. आमच्या ट्रेलरच्या चाकांचे हब जेमतेम भिजतात तोवर बोट सुटते. खाऱ्या पाण्यात बेअरिंग बुडवणे जितके टळेल तितके चांगले.

वल्ह्यांचा प्रश्न थोडा उरतो, कारण वल्ह्यांची लांबी कमाल रुंदीवर ठरते. आमची वल्ही साडेतीन मीटरहून लांब झाली आहेत, बोटीत आडवी मावत नाहीत आणि वारा पडल्यावर दोघांनी वल्हवणेच सोयीचे ठरते. सहा मीटरच्या पुढची, केबिन असलेली बोट हवी असेल, तर 2.3 मीटरपर्यंत जाण्यास माझी हरकत नाही. कॅटालिना 22 ही केबिनची बोट साधारण तेवढीच रुंद आहे.

पवनेच्या शांत पाण्यात बोट मुद्दाम उलटवूनही पाहिली. आडवी झाल्यावर ती रुंदीमुळे आणि बाजूंच्या हवाबंद कप्प्यांमुळे इतकी उंच तरंगते की पोहणाऱ्याचा हात सेंटरबोर्डपर्यंत, म्हणजे तळातून खाली सोडलेल्या फळीपर्यंत, पोहोचत नाही. तूर्त काठाखाली गाठी मारलेला दोर बांधला आहे, त्यावर पाय देऊन बोट सरळ करता येते. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना पाय देण्यासाठी कायमचे कडे बसवून घेणार आहे.