एका पासपोर्टात अमेरिका आणि कॅनडा: आईवडिलांनी आधी कोणता व्हिसा काढावा?

नायगाऱ्याच्या धबधब्याखाली दोन देशांच्या बोटी एकाच पाण्यात फिरतात. अमेरिकेच्या काठावरून सुटणाऱ्या बोटीत निळे रेनकोट मिळतात, कॅनडाच्या बोटीत लाल. पहिल्या खेपेला आम्ही दोघं निळ्यात होतो आणि मुलगा-सून लाल रेनकोटात. आमच्याकडे फक्त अमेरिकेचा व्हिसा. मुलाकडे कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, असला तरी पासपोर्ट भारतीयच, त्यामुळे अमेरिकेच्या व्हिसाशिवाय त्याला इकडे येता येईना. ही कठड्याला धरून त्या लाल गर्दीकडे हात हलवत राहिली. त्यातला आपला कोणता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रात्री फोनवर त्यानं विचारलं, "आई, दिसलो का गं?" ही म्हणाली, "दिसलास की."

मुलगी न्यू जर्सीत, मुलगा मिसिसागाला आणि आम्ही कोथरूडला. परत आल्यावर कॅनडाचाही व्हिसा काढला आणि तेव्हापासून सकाळच्या फिरण्यात हाच विषय निघतो. दोन व्हिसे एकदम चालतात का? एकामुळे दुसरा रद्द होतो का?

चालतात. अमेरिकेचा व्हिसा अमेरिकेचा, कॅनडाचा कॅनडाचा. एकाला दुसऱ्याचं वावडं नाही. एवढंच काय, एकाच देशाचे दोन निरनिराळे व्हिसेही एका पासपोर्टात असू शकतात. आमच्या मुलीच्या पासपोर्टात जुना टुरिस्ट व्हिसा आणि नोकरीचा एच-वन-बी असे दोन्ही शिक्के एकाच वेळी जिवंत होते. मात्र विमानतळावर आत घेतात ते एकाच नात्यानं. टुरिस्ट म्हणून शिरलात, तर पासपोर्टात एच-वन-बी असूनही कामावर जाता येत नाही. नोकरीवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. आपण पेन्शनर, आपला प्रश्न वेगळा.

आधी पैशांचं बघू. अमेरिकेच्या बी-१/बी-२, म्हणजे आपल्या साध्या टुरिस्ट व्हिसाची फी माणशी १८५ डॉलर, म्हणजे दोघांचे ३७०. कॅनडाची माणशी १०० डॉलर, वर बोटांच्या ठशांचे ८५, म्हणजे दोघांचे पुन्हा ३७०च. आकडा तोच, पण हे कॅनडाचे डॉलर, म्हणून बरेच स्वस्त.

खरा फरक आहे तो काढण्याच्या तऱ्हेत. अमेरिकेला दोन चकरा आणि समोरासमोर मुलाखत. एक दिवस ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी बीकेसीतल्या वकिलातीत रांग. हिची बोटं चाळीस वर्षं भांडी आणि कणकेत गेलेली, ठसे उमटेनात. काचेवर चार-चार वेळा बोटं दाबून घेतली, तेव्हा कुठे मशीनचं समाधान झालं. मुलाखत मात्र दोन मिनिटांत उरकली. कुठे चाललात, मुलगी काय करते, तुम्ही काय करत होतात, परत कधी येणार. आम्ही कागदांची जी फाइल उराशी धरून नेली होती, ती उघडायलाही सांगितली नाही. कॅनडाचा सगळा मामला ऑनलाइन. अर्ज भरा, कागद चढवा, ठसे देऊन या आणि वाट बघा. मुलाखत सहसा नसते, त्यामुळे जे काय सांगायचं ते कागदांनीच सांगायला हवं. बँकेची स्टेटमेंटं, पेन्शनची कागदपत्रं, घराचा उतारा, मुलाचं निमंत्रणपत्र यांत इथे कंजुषी करू नका.

दोन्ही अर्ज एकाच वेळी चालवता येतात का? बऱ्याच अंशी येतात. अमेरिकेच्या मुलाखतीनंतर पासपोर्ट ते ठेवून घेतात, तर कॅनडा पासपोर्ट मागतो तो व्हिसा मंजूर झाल्यावरच. पासपोर्ट आपल्याकडे एकच असतो, दोन ठिकाणी एकदम ठेवता येत नाही, एवढं बघून तारखा जुळवायच्या.

आता मुदत. इथेच बहुतेकजण घसरतात. अमेरिकेचा व्हिसा आपल्याला साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो आणि मधेच पासपोर्ट संपला तरी व्हिसा संपत नाही. नवा पासपोर्ट काढायचा आणि जुना व नवा दोन्ही घेऊन प्रवास करायचा. जुन्या पासपोर्टातलं व्हिशाचं पान फाटू देऊ नका, म्हणजे झालं. कॅनडाचं उलट आहे. त्यांचा व्हिसा जास्तीत जास्त दहा वर्षांचा असला तरी पासपोर्टाच्या मुदतीपलीकडे जात नाही. शिवाय २०२४च्या नोव्हेंबरपासून दहा वर्षांचा व्हिसा सरसकट देणं त्यांनी बंद केलं आहे. किती द्यायचा ते अधिकारी ठरवतो. आमच्या एका शेजाऱ्यांनी दीड वर्ष उरलेल्या पासपोर्टावर अर्ज केला. व्हिसा मिळाला आणि दीड वर्षाच्या आत संपलाही. पुन्हा फी, पुन्हा कागद. म्हणून पासपोर्टाला तीन-चार वर्षांहून कमी उरली असतील, तर अमेरिकेचा खुशाल आधी काढा, पण कॅनडाच्या आधी मुंढव्याला जाऊन पासपोर्ट नवा करून घ्या. नवा घेताना पाचशे रुपये जास्त गेले तरी साठ पानी घ्या. मुलं दोन देशांत असली की पानं भरतात.

मुलगा कॅनडात असला की कोणीतरी 'सुपर व्हिसा' सुचवतोच. त्यावर एका खेपेला सलग पाच वर्षांपर्यंत राहता येतं. साध्या व्हिसावर सहसा सहा महिने. ऐकायला झकास आहे. पण त्यासाठी मुलगा किंवा नातवंड तिथलं नागरिक किंवा पीआर हवं, नुसत्या वर्क परमिटवर जमत नाही. मुलाचं उत्पन्न त्याच्या घरातली माणसं अधिक आपण दोघं, एवढ्यांसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या वर हवं. ठरलेल्या डॉक्टरकडून तपासणी हवी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा हवा. सत्तरीच्या जोडप्याला शुगर आणि बीपी असताना या विम्याचा हप्ता विचारून बघा, म्हणजे सुपर म्हणजे काय ते कळेल. माझं मत स्पष्ट आहे. सलग सहा महिन्यांच्या वर राहायचं खरंच ठरलं असेल तरच त्याच्या मागे लागा. नोव्हेंबर ते मार्च तिथे काढून बघा एकदा. पाच महिन्यांत आपल्यालाच डेक्कनवरचा चहा आठवायला लागतो.

व्हिशाची मुदत आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं दार ठोठावायची परवानगी. आत किती राहायचं, ते दर वेळी दारावरचा अधिकारी ठरवतो. अमेरिकेत ती तारीख आय-९४ या नोंदीत असते, विमानतळावरून घरी आल्यावर जावयाकडून ऑनलाइन बघून घ्या. ती ओलांडली की दहा वर्षांचा व्हिसा त्या दिवसापासून रद्दच समजायचा. कॅनडात पासपोर्टावर वेगळी तारीख लिहिली नसेल तर आल्यापासून सहा महिने.

दोन्ही व्हिसे असलेल्यांना एक शक्कल हमखास सुचते. अमेरिकेत पाच महिने झाले की आठवडाभर मुलाकडे टोरंटोच्या बाजूला जाऊन यायचं, म्हणजे परत आल्यावर नवे सहा महिने. तसं होत नाही. तीस दिवसांच्या आतली कॅनडाची फेरी असेल तर परत येताना सहसा जुनीच तारीख पुढे चालू राहते. आणि अमेरिकेत सहा महिने, लगेच कॅनडात सहा, पुन्हा अमेरिका, असा झोका सुरू केलात तर कधीतरी काउंटरवर प्रश्न येणारच की आजी-आजोबा, तुम्ही नक्की राहता कुठे? उत्तर 'पुणे' असेल तर ते तारखांतही दिसायला हवं. आम्ही वर्षाआड एक देश धरतो आणि दुसऱ्या देशात पंधरा दिवसांची धावती भेट देतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, तरी शक्यतो दिवाळी घरीच.

नकाराबद्दल थोडं. कॅनडाचा अर्ज विचारतो, कुठल्याही देशानं तुम्हाला व्हिसा नाकारला आहे का? अमेरिकेनं नाकारला असेल तर लपवू नका. दोन्ही देश ही माहिती एकमेकांना देतात, आणि खोटं सापडलं तर कॅनडाचं दार पाच वर्षं बंद. नकार खरा सांगितला म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. 'एजंटानं भरलं, आम्हाला माहीत नाही' हे कारण मात्र कोणी ऐकत नाही, तेव्हा सही करण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा. चष्मा शोधायला लागला तरी.

एकच काढायचा असेल तर? अमेरिकेचा. मुदत मोठी, पासपोर्ट बदलला तरी टिकतो, आणि वाटेत उपयोगी पडतो. हीथ्रोवर बाहेर न पडता विमान बदलताना भारतीयांना लागणारा ट्रान्झिट व्हिसा त्यामुळे लागत नाही, मेक्सिकोला जाता येतं, तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो. यातल्या हीथ्रो आणि मेक्सिकोला कॅनडाचा व्हिसाही चालतो, तुर्कस्तानला चालत नाही. पण मुलगा किंवा मुलगी फक्त कॅनडात असेल, तर बीकेसीची वारी कशाला? सरळ कॅनडाचा साधा व्हिसा काढा.

राहिले ते लोक, ज्यांचं कोणीच कॅनडात नाही आणि ज्यांना फक्त 'तिकडून' नायगारा बघायचा आहे. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून रेनबो ब्रिज ओलांडता येत नाही, त्यासाठी कॅनडाचा पुरा व्हिसा लागतो. एका दिवसासाठी ३७० डॉलर, म्हटलं तर उधळपट्टीच. पण अमेरिकेच्या काठावरून धबधबा बाजूनं दिसतो, कॅनडाच्या काठावरून समोरून. दुसऱ्या खेपेला आम्ही लाल रेनकोट घातले, तेव्हा ही पंधरा मिनिटं काही बोललीच नाही. काढा.