८ महिने, २९ उड्डाणे आणि एक रबरी दोरी

माझ्या मॉडेल रॉकेटच्या तेराव्या उड्डाणात मोटरने आपले काम चोख बजावले आणि पॅराशूटही पूर्ण उघडले, पण त्याखाली एकटा नोज कोन, म्हणजे रॉकेटचे टोक, लोंबकळत होता. बॉडी ट्यूब (धडाची नळी), फिन (शेपटीचे पंख) आणि रिकामी मोटर हा उरलेला सारा भार दगडासारखा खाली येऊन कडक जमिनीवर आपटला. एक फिन मुळापासून निखळली आणि दुसरीला उभी चीर गेली. तोपर्यंतच्या पाच महिन्यांत या ४१ मिलिमीटर व्यासाच्या किटबद्दल माझी एकही तक्रार नव्हती.

घरी आल्यावर ट्यूबमध्ये विजेरी धरून पाहिले. तोंडापासून तीनेक सेंटिमीटर आत, जिथे घडी घातलेल्या कागदी पट्टीत शॉक कॉर्ड, म्हणजे नोज कोन आणि ट्यूब यांना जोडणारी रबरी दोरी, चिकटवलेली असते, तिथून रबराचा जेमतेम बोटभर तुकडा बाहेर आला होता. त्याचे टोक तपकिरी आणि कडक झाले होते. नखाने जरा वाकवताच त्यावर आडव्या भेगा उघडल्या आणि बोटाला काळी भुकटी लागली. ही दोरी एका दिवसात तुटलेली नव्हती. प्रत्येक उड्डाणात इजेक्शन चार्जचे, म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या मोटरमधल्या दारूचे, तप्त वायू आणि ठिणग्या तिच्यावरून जात होत्या, रबर थोडेथोडे करपत होते, आणि कागदी पट्टीच्या कडेला, जिथे ताण सर्वांत जास्त पडतो, तिथेच ते अखेर तुटले.

कंपनीला छायाचित्रांसह कळवले. आठ दिवसांनी आलेल्या उत्तरात म्हटले होते की, शॉक कॉर्ड ही झिजणारी वस्तू असल्याने तिच्यावर हमी नाही, आणि वॅडिंग, म्हणजे तप्त वायूंपासून बचावासाठी पॅराशूटखाली घालायचे आगरोधक कागद, कमी घातल्यामुळे ती जळाली असावी. आणखी दोनदा लिहिल्यावर रबराची नवी पट्टी पाठवण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण टपालखर्च मी सोसायचा होता, आणि तो त्या पट्टीच्या किमतीहून जास्त होता. एवढ्याशा दोरीपायी फिन, रंग आणि कितीतरी संध्याकाळींची मेहनत वाया गेली, याचा मला मनापासून राग आला. ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ साली पहिले मॉडेल रॉकेट बांधले, तेव्हा त्यातली कल्पनाच ही होती की मोटर बदलावी आणि पॅराशूटने सुखरूप उतरलेले रॉकेट पुन्हा उडवावे. ज्या दोरीवर ते परत येणे अवलंबून आहे तिला झिजणारी वस्तू म्हणायचे असेल, तर ती ट्यूब न फाडता बदलता येईल अशी सोय किटमध्ये हवी होती. तशी सोय यात नाही.

वॅडिंगच्या बाबतीत मात्र कंपनीचे म्हणणे अंशतः खरे निघाले. मी चार कागद घालत होतो, पण त्यांचा घट्ट बोळा करून. रिकाम्या ट्यूबमध्ये तसाच बोळा सरकवून खालून प्रकाश टाकला, तेव्हा एका कडेने उजेड सरळ वर येताना दिसला आणि नेमकी त्याच बाजूला दोरी चिकटवलेली होती. आता मी प्रत्येक कागद सैल चुरगळून, ट्यूबच्या भिंतीला सर्व बाजूंनी टेकेल असा बसवतो.

दुरुस्ती करताना रबराला पूर्ण फाटा द्यायचे ठरवले. फिनच्या वर ट्यूब आडवी कापली, मोटर माउंटच्या (मोटर धरून ठेवणाऱ्या आतल्या नळीच्या जोडणीच्या) पुढच्या रिंगला खाच पाडून केवलार या उष्णता सोसणाऱ्या चिवट धाग्याची दोरी मोटर ट्यूबभोवती बांधली, गाठीवर पांढऱ्या गोंदाचा थेंब सोडला आणि आतून कपलर (जोडनळी) घालून ट्यूब पुन्हा जोडली. केवलार रबरासारखे वितळत नाही आणि इजेक्शनच्या ठिणग्यांना सहज दाद देत नाही. मात्र कपलर, गोंद आणि नवी फिन यांचे १० ग्रॅम शेपटीकडे वाढल्यामुळे गुरुत्वमध्य १४ मिलिमीटर मागे सरकला. तो दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे किमान एका व्यासाएवढा असावा लागतो, आणि इथे ते अंतर ४० मिलिमीटरवर आले. म्हणून नोज कोनमध्ये ९ ग्रॅम माती भरली आणि दोरीला टांगून रॉकेट डोक्याभोवती फिरवून पाहिले. ते नाक पुढे ठेवून स्थिर फिरले. मूळचे ६८ ग्रॅमचे रॉकेट आता ८७ ग्रॅमचे झाले होते.

दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण कमी उंचीचे असले तरी सुखरूप झाले. पुढच्या, म्हणजे पंधराव्या उड्डाणात केवलार तुटले नाही, पण त्याने ट्यूबच चिरली. तोंडापासून खाली चार सेंटिमीटर, सुरीने कापावी तशी सरळ चीर पडली होती. इथे माझे मत बदलले. मोटर बी६-४ होती, म्हणजे जळण संपल्यावर ४ सेकंदांनी इजेक्शन. उड्डाणाचा अंदाज देणाऱ्या ओपनरॉकेट या सॉफ्टवेअरमध्ये नवे वजन भरून पाहिले, तेव्हा जड झालेले रॉकेट कमी वेगाने वर जाऊन शिखरावर लवकर पोहोचते आणि इजेक्शनच्या वेळी नाक खाली करून वेगाने पडत असते, हे स्पष्ट झाले. त्या वेगात पॅराशूटचा झटका बसला आणि न ताणणारी बारीक दोरी ट्यूबच्या कडेतून आरपार गेली. आधीच्या रबराने असे किती झटके निमूट पचवले असतील, हे तेव्हा ध्यानात आले. रबराची निवड चुकीची नव्हती, त्याची जागा चुकीची होती.

आताच्या मांडणीत दोन्ही दोऱ्या आहेत. केवलार मोटर माउंटपासून निघते आणि ट्यूबच्या तोंडाच्या दोन सेंटिमीटर आतच संपते, म्हणजे ती कडेवर घासतच नाही. तिथून पुढे सहा मिलिमीटर रुंदीची, कापडात विणलेली इलॅस्टिक पट्टी नोज कोनपर्यंत जाते. दोन्ही मिळून लांबी रॉकेटच्या तिप्पट ठेवली आहे. इलॅस्टिक खराब झाले, तर दोरी बाहेर ओढून गाठ सोडायची आणि नवी पट्टी बांधायची, इतके ते सोपे आहे. ट्यूबचा चिरलेला भाग कापून नवा तुकडा जोडला आणि मोटर म्हणून २ सेकंदांनीच इजेक्शन होणारी बी४-२ वापरू लागलो. त्यानंतरच्या चौदा उड्डाणांत एकदाही काही तुटले नाही, ट्यूबचे तोंड अजून अखंड आहे, आणि इलॅस्टिक दोनदा बदलले तेही वेळेआधी, खबरदारी म्हणून.

बाकी किट खरोखर चांगले आहे. बाल्साच्या फिनचे रेषे पुढच्या कडेला समांतर येतील असेच कापलेले मिळतात आणि नोज कोन सैल होत नाही. स्टिकर मात्र दुसऱ्याच महिन्यात कडांनी सुटले. ४५ सेंटिमीटरचे प्लास्टिकचे पॅराशूट घडीत चिकटून बसते. त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली की ते हटकून उघडते.

याच किटचा दुसरा संच मी मागवला आहे. ज्यांचे किट अजून डब्यातच आहे, त्यांनी मोटर माउंट ट्यूबमध्ये चिकटवण्यापूर्वीच पुढच्या रिंगला खाच पाडून केवलार बांधून घ्यावी. त्या टप्प्यावर हे दहा मिनिटांचे काम आहे. माउंट एकदा चिकटला, की ट्यूब कापावी लागते, कपलर जोडावा लागतो आणि मग ते वाढलेले वजन नाकात माती भरून सावरत बसावे लागते.