रोड रिडेम्प्शन की कार्मागेडन मॅक्स डॅमेज: जुन्या दोन खेळांच्या नव्या आवृत्त्यांपैकी कोणती घ्यावी?

भरधाव गाडी चालवता चालवता शेजारच्याला लोळवायचे, हा व्हिडिओ गेमचा प्रकार १९९०च्या दशकात जोरात होता आणि पुढच्या दशकात हळूहळू दिसेनासा झाला. त्या काळी संगणकावर बसू लागलेल्या आणि आज चाळिशीच्या आसपास असलेल्या वाचकाला त्यातली दोन नावे हमखास आठवतात: बाइकच्या शर्यतींचा रोड रॅश आणि मोटारींचा कार्मागेडन. कार्मागेडनला त्याच्या मूळ निर्मात्यांनीच कार्मागेडन मॅक्स डॅमेजच्या रूपाने परत आणले, तर रोड रॅशचा वारसा रोड रिडेम्प्शन या वेगळ्याच नावाच्या खेळाने चालवला. दोन्ही स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात मिळतात. घ्यायचे झाल्यास कोणता घ्यावा, आणि मुळात हा प्रकार आज रंगतो की आठवणींच्या जोरावर तासभर तग धरून मग कंटाळा आणतो, असा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांच्यासाठी हा आढावा आहे. माझे मत आधीच सांगतो: एकच घ्यायचा असेल तर रोड रिडेम्प्शन घ्यावा. मात्र पहिल्या दोन तासांत तुम्हाला याच्या नेमके उलट वाटण्याची दाट शक्यता आहे, आणि ते का, हेच मला मुख्यतः सांगायचे आहे.

आधी थोडा इतिहास, कारण दोन्ही खेळांचे गुणदोष त्यातूनच आलेले आहेत. कार्मागेडन १९९७ साली इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावरच्या स्टेनलेस या कंपनीने बनवला. त्यात घड्याळ उलटे धावत असते आणि रस्त्यावरच्या पादचाऱ्याला उडवले की काही सेकंद वाढवून मिळतात. शर्यत जिंकण्याचे मार्ग तीन: फेऱ्या पूर्ण करा, सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या मोडा किंवा नकाशावरचा एकूण एक पादचारी संपवा. ब्रिटनच्या प्रमाणन मंडळाने त्याला प्रमाणपत्र नाकारले, म्हणून माणसांच्या जागी हिरव्या रक्ताची झाँबी घालून तो तिथे विकला गेला आणि पुढे अपिलात मूळ रूपाला परवानगी मिळाली. मधल्या काळात नावाचे हक्क दुसऱ्यांच्या हाती गेले होते. ते स्टेनलेसने २०११मध्ये परत विकत घेतले, २०१२मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणी जमवण्याच्या संकेतस्थळावर चार लाख डॉलर मागितले आणि चाहत्यांनी सव्वासहा लाखांच्या वर दिले. त्यातून २०१५मध्ये कार्मागेडन रिइन्कार्नेशन आला आणि त्याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे २०१६चा मॅक्स डॅमेज. थोडक्यात, निर्माते तेच, नाव तेच, आणि सुरुवातीची लाल ईगल गाडीसुद्धा तीच.

रोड रिडेम्प्शनचे तसे नाही. रोड रॅश हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीचा खेळ. तो १९९१मध्ये सेगा मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर आला आणि आपल्याकडच्या सायबर कॅफेंत आणि कॉम्प्युटर क्लासांत जो पोहोचला तो १९९६चा विंडोज ९५वरचा अवतार. २०००च्या रोड रॅश जेलब्रेकनंतर कंपनीने ही मालिका पुढे नेली नाही. डार्कसीज आणि पिक्सेल डॅश या दोन छोट्या अमेरिकी स्टुडिओंनी २०१३मध्ये किकस्टार्टरवरून पैसा उभा केला, तोही कार्मागेडनला मिळाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि २०१७मध्ये पूर्ण खेळ बाजारात आणला. रोड रॅशचे नाव त्यांना वापरता येत नव्हते. माझ्या मते हेच त्यांच्या पथ्यावर पडले, कारण जुने नाव नसल्यामुळे जुना सांगाडा जसाच्या तसा उभा करण्याची सक्ती त्यांच्यावर राहिली नाही.

त्या जुन्या सांगाड्यात नेमके काय होते, हे आठवून पाहण्यासारखे आहे. आम्ही दोन मित्र तासाचे पैसे निम्मे निम्मे भरून एकाच कीबोर्डवर रोड रॅश खेळायचो. एक जण बाइक वळवायचा आणि दुसरा ठोसे आणि लाथा मारायचा. समोरच्याने साखळी किंवा दंडुका उगारला की नेमक्या त्याच क्षणी ठोसा मारायचा, मग ते हत्यार आपल्या हातात येई. क्षणभर उशीर झाला तर तेच डोक्यात बसे. आपटल्यावर आपला गडी लांब फेकला जाई, उठे आणि धावत बाइककडे परत येई, आणि तेवढ्यात पोलीस येऊन थांबला तर शर्यत तिथेच संपे. खेळाचा सगळा जीव या दोन गोष्टींत होता: उगारलेला हात आणि धावत परत येण्याची ती घाई. बाकीचे खरे तर विरळ होते. पाच रस्ते, प्रत्येक पातळीवर तेच रस्ते अधिक लांब, अधिक वेगवान प्रतिस्पर्धी आणि नवी बाइक घेण्यासाठी पैसे साठवणे.

रोड रिडेम्प्शनने उगारलेला हात जपला आणि त्याचा विस्तार केला. इथे डावीकडे वार करायचा की उजवीकडे हे आपण ठरवतो, समोरून येणारा वार अडवता येतो, आणि प्रत्येक हत्याराला स्वतःचे काम आहे. हेल्मेट घातलेल्या शत्रूवर तलवारीचा फारसा उपयोग होत नाही. आधी जड हत्याराने हेल्मेट उडवायचे आणि मग पाते चालवायचे. शेजारी बाइक आली, तिचा वार अडवला, लाथ घालून तिला समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत ढकलले आणि स्वतः सुटून पुढे निघालो, हे सगळे दीड-दोन सेकंदांत घडते आणि ते घडते तेव्हा वीस वर्षांपूर्वीची तीच शिरशिरी अंगावर येते. शिवाय पुलावरून आणि इमारतींच्या गच्च्यांवरून धावणारे टप्पे आहेत, आणि एका टप्प्यात तर आकाशातून मोटारी कोसळत असतात.

मात्र खरा बदल हरण्यात आहे. या खेळात मेलात की संपूर्ण प्रवास पहिल्यापासून सुरू होतो आणि टप्प्यांची मांडणीही पुन्हा तशीच येत नाही. त्या प्रवासात मिळवलेले अनुभवाचे गुण तेवढे शिल्लक राहतात आणि त्यांतून अधिक आयुष्य, अधिक जोरदार वार, जास्त नायट्रो (क्षणभर वेग वाढवणारे इंधन) अशा कायमच्या सुधारणा विकत घेता येतात. म्हणजे पंधरा मिनिटांत मेलो तरी ती पंधरा मिनिटे वाया गेलेली नसतात. याउलट टप्प्याटप्प्यावर मिळणारे पैसे त्याच प्रवासात दुरुस्तीवर आणि शस्त्रांवर खर्च करायचे असतात, त्यामुळे अंगावर जखमा असताना दुरुस्ती करावी की बंदूक सुधारावी, असा निर्णय दर वेळी घ्यावा लागतो. मूळ रोड रॅशमध्ये हरल्यावर तोच रस्ता पुन्हा धावायचा असे. इथे हरल्यावर वेगळा डाव मांडला जातो.

मॅक्स डॅमेजमध्ये हरणे जवळजवळ नाहीच, आणि त्याच्या जुनेपणाचे मूळ मला तिथे दिसते. हा खेळ सुरू केल्यावरचा पहिला तास अतिशय देखणा जातो, हे मी मनापासून सांगतो. गाडीचा पत्रा खरोखर चेपतो, दार लोंबते, चाक निखळते, जोराच्या धडकेत तर गाडीचे दोन तुकडे होतात. मग दुरुस्तीचे बटण दाबायचे: ठणठण आवाज करत पत्रा आपोआप सरळ होतो, बॉनेट जागेवर बसते, आणि काळ मागे फिरवल्यासारखी गाडी पुन्हा उभी राहते. ही युक्ती १९९७च्या खेळातही होती आणि आजही ती पाहताना समाधान वाटते. परंतु दुरुस्ती जवळजवळ केव्हाही करता येत असल्यामुळे कोणत्याच धडकेची भीती उरत नाही. उलटलात तर गाडी सरळ करण्याचे बटण आहे, अडकलात तर सुटण्याचेही आहे. १९९७मध्ये एवढे मोठे, मोकळे, त्रिमितीय शहर उपलब्ध असणे हेच बक्षीस होते. नुसते भटकण्यात संध्याकाळ जात असे. आज मोकळे शहर कोणत्याही खेळात मिळते, म्हणून त्याला पुढे काहीतरी देणे भाग आहे, आणि ते मॅक्स डॅमेजला पुरेसे जमलेले नाही. फेऱ्यांकडे कोणी लक्ष देत नाही, प्रतिस्पर्धी विस्तीर्ण नकाशावर विखुरतात, आणि पुष्कळ वेळ शेवटची एक गाडी कुठे आहे हे शोधण्यात जातो. पाठलागाचे, चिरडण्याचे, ठरावीक ठिकाणी आधी पोहोचण्याचे वेगवेगळे प्रकार दिलेले आहेत, पण ते त्याच त्या जागांवर परत परत खेळवले जातात.

इथे खरेदीचा एक व्यावहारिक मुद्दा येतो. स्टीमवर विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. बहुतेक जण ही सोय वापरून खेळ पारखतात, आणि या दोन खेळांच्या बाबतीत नेमकी तीच पारख फसवते. मॅक्स डॅमेज पहिल्या दोन तासांत आपले सर्वोत्तम दाखवून मोकळा होतो. रोड रिडेम्प्शनमध्ये मात्र पहिले दोन तास तुम्ही दुबळे असता, सतत मरता, बाइक हलकी आणि निसरडी वाटते, ग्राफिक्स ओबडधोबड दिसतात, आणि हे सगळे जुनाट आहे असा शेरा मारून परत करावेसे वाटते. चार-पाच सुधारणा घेतल्यावर आणि वार अडवण्याची सवय हाताला लागल्यावर खेळ उलगडतो. म्हणून परत करण्याची मुदत वापरायचीच असेल तर आपल्या संगणकावर खेळ नीट चालतो का, एवढेच त्या वेळात तपासावे. मॅक्स डॅमेजच्या बाबतीत ही तपासणी विशेष आवश्यक आहे, कारण त्याच्या आधीच्या रिइन्कार्नेशन या अवताराबद्दल अडखळत चालण्याच्या आणि लोड होण्यास लागणाऱ्या वेळेच्या भरपूर तक्रारी होत्या, आणि साध्या लॅपटॉपवर मॅक्स डॅमेज कसा वागेल हे चालवल्याशिवाय कळत नाही.

दिसण्याच्या बाबतीत मॅक्स डॅमेज निःसंशय वरचढ आहे आणि रोड रिडेम्प्शनचे रस्ते, झाडे आणि माणसे पाहून कोणी हरखून जाणार नाही. कीबोर्डवर दोन्ही खेळता येतात. तरी रोड रिडेम्प्शनसाठी कंट्रोलर (हातात धरायचे गेमपॅड) असणे फार फायद्याचे आहे, कारण दिशा, वार, अडवणे आणि नायट्रो हे सगळे एकाच वेळी हाताळावे लागते. ऑनलाइन खेळायला माणसे मिळतील या भरवशावर दोहोंपैकी कोणताही घेऊ नये.

घरात एकत्र खेळायचे असेल तर मात्र प्रश्नच उरत नाही. रोड रिडेम्प्शन पडद्याचे भाग करून चार जणांना एकाच वेळी खेळू देतो. त्या काळी एका कीबोर्डवर दोन मुले कशीबशी जे जमवत होती, ते इथे प्रत्येकाला आपापल्या बाइकसह मिळते, आणि माझ्या अनुभवात या खेळाचे सर्वांत चांगले तास तेच आहेत. सोबतीला लहान मुले असतील तर दोन्ही खेळ टाळावेत. रोड रिडेम्प्शनमध्ये मुंडकी उडतात. मॅक्स डॅमेजमध्ये तर निःशस्त्र माणसांना चिरडणे हाच खेळाचा गाभा आहे. त्याची विनोदाची तऱ्हाही १९९७चीच, शाळकरी आणि उद्धट राहिली आहे, आणि आज ती मला पूर्वीपेक्षा बरीच खटकते.

ज्यांनी मूळ कार्मागेडन जीव लावून खेळला, ज्यांना हरण्याजिंकण्याची फिकीर न करता अधूनमधून अर्धा तास नुसती तोडफोड करायची आहे आणि ज्यांचा संगणक दणकट आहे, त्यांनी मॅक्स डॅमेज सवलतीत अवश्य घ्यावा. त्यांना मूळ खेळाचीच ओढ असेल तर १९९७चा कार्मागेडन जीओजी या ऑनलाइन दुकानात मिळतो, आणि तो मॅक्स डॅमेजपेक्षा अधिक आटोपशीर असल्यामुळे मला अजूनही जास्त आवडतो. रोड रॅशच्या आठवणीने आलेल्यांनी रोड रिडेम्प्शन घ्यावा, पहिल्या संध्याकाळी सात-आठ वेळा मरण्याची तयारी ठेवावी आणि मिळालेले पहिले गुण वेगावर न घालवता आयुष्य वाढवण्यावर खर्च करावेत.