जुनी गाडी, सोबत कोणी नाही: अ‍ॅलिस स्प्रिंग्ज की नलारबोर?

अ‍ॅडलेडमध्ये शिकायला आलेल्या आपल्या पोरापोरींचा एक लाडका बेत असतो. अडीच लाख किलोमीटर पळालेली फाल्कन किंवा कॅमरी स्वस्तात घ्यायची आणि सुट्टी लागली की एकट्याने आउटबॅक, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला ओसाड भाग, गाठायचं. पोर्ट ऑगस्टापर्यंतच्या तीनशे किलोमीटरांत काही ठरवावं लागत नाही. तिथे रस्ता फुटतो. उत्तरेला स्टुअर्ट हायवे, सव्वाबाराशे किलोमीटरवर अ‍ॅलिस स्प्रिंग्ज आणि पुढे डार्विन. पश्चिमेला एअर (Eyre) हायवे, नलारबोरचं पठार ओलांडून साडेसोळाशेच्या वर किलोमीटरवर नॉर्समन. पर्थ तिथूनही सातशे.

दोन्ही रस्ते पूर्ण डांबरी आहेत, एअर हायवे १९७६ पासून आणि स्टुअर्ट १९८७ पासून. त्यामुळे फोर व्हील ड्राइव्हची चर्चा इथे नको.

बहुतेक जण नकाशा उघडून पेट्रोल पंपांमधलं अंतर मोजतात. त्या हिशेबात नलारबोर जिंकतं. तिथला मोठा टप्पा साधारण १९० किलोमीटरांचा, तर स्टुअर्टवर ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी अडीचशे किलोमीटर पेट्रोल मिळत नाही. पण पेट्रोलचा प्रश्न वीस लिटरच्या कॅनने सुटतो. खटारा गाडी घेऊन निघणाऱ्याने मोजायचं ते दोन गॅरेजांमधलं अंतर, आणि तिथे पारडं उलटं फिरतं. सीडूना ते नॉर्समन हे बाराशे किलोमीटर. वाटेत रोडहाउसं आहेत, तिथे पेट्रोल, बर्गर आणि झोपायला खोली मिळते, पण मोठं गाव म्हणावं असं काही नाही. गाडी मधोमध बंद पडली की कुठल्याही बाजूला सहाशे किलोमीटर टोइंग. रोडसाइड असिस्टन्सच्या (गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत पाठवणारी सेवा) साध्या सदस्यत्वात फुकट टोइंगच्या अंतराला मर्यादा असते. ती निघण्याआधी वाचा, कारण पुढचं बिल कदाचित गाडीच्या किमतीहून जास्त येईल.

स्टुअर्टवर कूबर पेडी, अ‍ॅलिस, टेनंट क्रीक, कॅथरिन ही खरीखुरी गावं आहेत, मेकॅनिकसकट. माझ्या फाल्कनचा रेडिएटरचा वरचा होज (गरम पाण्याची रबरी नळी) कूबर पेडीच्या चाळीस किलोमीटर अलीकडे फाटला. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, बॅटरी सगळं तपासलं होतं, होजकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नव्हतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा! कॅरव्हॅनवाल्या एका आजी-आजोबांनी सिलिकॉन टेप आणि दहा लिटर पाणी दिलं. दर पंधरा मिनिटांनी थांबत गावात पोहोचले आणि नवा होज येईपर्यंत दोन रात्री जमिनीखालच्या खोलीत काढल्या. बाहेर काहिली आणि आत अंगावर पांघरूण. ओपल या रत्नाच्या खाणवाल्यांनी घरं जमिनीत का कोरली, ते तिथे राहिल्यावर कळतं. हेच नलारबोरवर झालं असतं तर गाडी तिथेच सोडून, कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून निघावं लागलं असतं. अ‍ॅडलेड ते अ‍ॅलिस बस तरी आहे, नलारबोर ओलांडणारी नाही.

उन्हाचा मुद्दा मात्र नलारबोरच्या बाजूचा. रस्त्याचा बराच भाग समुद्रापासून फार लांब नाही. कूबर पेडीत जानेवारीत चाळिशी पार होणं नित्याचं, आणि धापा टाकणारं इंजिन तिथे एसी चालू ठेवून ताशी ११० नाही सहन करत. स्टुअर्टला जायचं तर तिथल्या थंडीत, मे ते ऑगस्ट.

एकटेपणाचा त्रास दोन्हीकडे वेगवेगळा. नलारबोरवर बॅलडोनिया ते कायगुनाच्या दरम्यान १४६.६ किलोमीटर रस्ता एकही वळण घेत नाही. सोबत बोलायला कोणी नसताना तिथे डोळा लागणं हा खरा धोका आहे. स्टुअर्टवर झोप उडवायला ५३.५ मीटर लांबीच्या रोड ट्रेन आहेत, म्हणजे एकामागे एक ट्रेलर ओढणारे ट्रक. त्यांना ओलांडायला जुन्या इंजिनात दम लागतो. तो नसेल तर मुकाट मागे राहा. सूर्य मावळल्यावर दोन्हीकडे गाडी उभी करायची, कांगारूंपुढे कुणाचं चालत नाही. बंद पडलात तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, आणि पाणी रोजच्या गरजेच्या दुप्पट. मोबाइलवर विसंबू नका, संकटात उपग्रहामार्फत तुमची जागा कळवणारा लोकेटर बीकन भाड्याने मिळतो.

हो, पश्चिमेला जाताना कांदे-बटाटे सीमेआधी संपवा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या नाक्यावर ताजी भाजी, फळं आणि मध काढून घेतात.

गाडीचं दुखणं काय आहे, यावरही बरंच ठरतं. सकाळी स्टार्टच होत नाही, एवढंच असेल तर कुठेही जा, प्रत्येक रोडहाउसवर जंप स्टार्ट देणारं कोणीतरी भेटतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घसरत असेल किंवा कूलंट कुठे जातंय ते कळत नसेल, तर आधी दुरुस्ती, नाहीतर दोन्ही रस्ते विसरा.

थंडीत सुट्टी असेल तर मी डोळे झाकून अ‍ॅलिस सांगेन. जानेवारीतच निघायचं असेल, तर एअर हायवेने सीडूनापर्यंत जा, पोर्ट ऑगस्टापासून पावणेपाचशे किलोमीटर. समुद्र आहे, ऑयस्टर आहेत, गॅरेज आहे. तिथून गाडी वळवा.