भाच्याचा मध, आत्याचे साडेचार तारे

आधीच सांगून टाकते, हा मध माझ्या भाच्याचा आणि भाचेसुनेचा आहे. त्यामुळे साडेचारातला अर्धा तारा नात्याचा समजून खुशाल वजा करा. उरलेल्या चारांचा हिशेब देते. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली, म्हणून त्यांच्या घरी गेल्यावरही चव घ्यायच्या आधी वह्या मागितल्या. भाचा हसला, भाचेसून मात्र लगेच उठून फाइल घेऊन आली. तिच्याबद्दल माझं मत तिथेच ठरलं.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सेंट्रल ओटागो नावाचा भाग आहे. देशातला सर्वांत कोरडा. उन्हाळा चांगला तापतो, हिवाळ्यात दहिवर पडून सगळं कडक होतं. अलेक्झांड्रा गावाच्या आजूबाजूच्या टेकड्यांवर थाईम, म्हणजे ओव्यासारख्या उग्र वासाचं छोटं झुडूप, रानटी माजलेलं आहे. १८६०च्या दशकात सोनं शोधायला आलेल्या लोकांबरोबर ते आलं म्हणतात. सोनं संपलं, थाईम राहिलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या टेकड्या जांभळट गुलाबी होतात आणि या दोघांच्या पेट्या तिथे मांडलेल्या असतात. दुकान म्हणजे घरामागची शेड आणि शनिवारचा बाजार. नोकर कोणी नाही.

थाईमचा मध आधी. रंग गडद, वास झाकण उघडताच येतो, आणि तो फुलांचा नाही, औषधी आहे. पहिल्या चमच्याला मी तोंड वाकडं केलं. मग चव घशात रेंगाळते, थोडी तुरट, थोडी तिखटसर, आणि पुन्हा चमचा आत जातो. चहात घालू नका, चहा मरतो. खारट चीजबरोबर किंवा नुसत्या भाजलेल्या पावावर घ्या. घरात लहान मुलं असतील तर ती हा मध बाजूला सारतील, हे गृहीत धरा.

क्लोव्हरचा, म्हणजे कुरणातल्या तिपानी चाऱ्याच्या फुलांचा मध त्याच्या अगदी उलट, पांढरट, लोण्यासारखा, कोणालाही आवडेल असा. मध गोठला की त्यात साखर आहे असं समजणाऱ्यांनी हा डबा जरूर पाहावा. क्लोव्हरमध्ये ग्लुकोज जास्त, त्यामुळे तो गोठणारच. नुसता ठेवला तर खरखरीत गोठतो. म्हणून ही मंडळी आधीच बारीक कण झालेला थोडा मध त्यात कालवतात आणि चौदा अंशांच्या आसपास थंड ठेवून अधूनमधून ढवळतात. कण बारीकच राहतात. चांगलं काम आहे, पण खरं सांगायचं तर असा क्लोव्हर तिथे इतरांकडेही मिळतो.

तिसरा व्हायपर्स बगलॉसचा. निळ्या फुलांचं रान आहे ते, शेतकरी त्याला शिव्या देतात. मध फिकट, हलका, मागे फुलांचा मंद गंध. माझा सर्वांत आवडता हाच. मानुका, म्हणजे त्या नावाच्या झुडपाचा तिथला प्रसिद्ध मध, ते विकत नाहीत. तिथे २०१८ पासून निर्यातीच्या मधाला मानुका म्हणायचं तर चार रसायनं आणि एक डीएनए खूण अशी पाच कसोट्यांची तपासणी लागते. त्यांच्या टेकड्यांवर मानुका नाही, म्हणून डब्यावरही नाही. लोक हटकून विचारतात, आणि भाचा हटकून थाईमचा चमचा पुढे करतो.

आता वह्या. व्हरोआ हा मधमाश्यांच्या अंगाला चिकटणारा किडा २००० साली त्या देशात सापडला आणि २००६ मध्ये दक्षिण बेटावर पोचला. तेव्हापासून वसंतात आणि शरदात पेटीत औषधी पट्ट्या ठेवाव्या लागतात, आणि मधाच्या कोठ्या, म्हणजे मध साठवायचे वरचे कप्पे, चढवण्याआधी त्या काढाव्या लागतात. पट्ट्या काढल्याची तारीख आणि कोठ्या चढवल्याची तारीख यांचा मेळ मी जागेवार घातला. एकही उलटी निघाली नाही. चेरीच्या बागांना परागीभवनासाठी भाड्याने दिलेल्या पेट्यांची नोंद वेगळी, आणि पैशाच्या दृष्टीने तीच खरी आधाराची. मधाचं पीक पावसापाण्यावर, भाडं मात्र ठरलेलं.

एका पानावर ओळीने काही पेट्यांपुढे ‘जाळल्या’ असं लिहिलं होतं. मी बोट ठेवलं. अमेरिकन फाउलब्रूड. अळ्यांना होणारा जिवाणूचा रोग. मेलेल्या अळीत आगपेटीची काडी घालून ओढली तर तार सुटते, ती त्याची खूण. बीजाणू लाकडात कित्येक दशकं जिवंत राहतात. “औषध देऊन लक्षणं दाबता येतात, आत्या, पण रोग पेटीत राहतो आणि शेजाऱ्याकडे जातो. म्हणून इथे त्यावर औषध द्यायलाच बंदी आहे,” भाचेसून म्हणाली. खड्डा खणून, माश्या, चौकटी, मध, सगळं जाळायचं आणि यंत्रणेला कळवायचं. त्यांनी कळवलं होतं, अर्जाची प्रत पुढच्याच पानाला टाचलेली होती. नवीन धंद्यात नुकसानीची नोंद इतकी ठसठशीत मी क्वचित पाहिली आहे. नात्याचा अर्धा सोडून उरलेल्या चारांतले तीन तारे मधाचे असतील, एक पूर्ण तारा या पानाचा.

माझा भाऊ आधी लोकांना “मुलगा शेतीशी संबंधित उद्योगात आहे” असं मोघम सांगायचा. १९५३ साली एव्हरेस्टवर गेलेले एडमंड हिलरी मधपाळ होते हे कळल्यापासून तो न विचारता सांगतो. पेट्यांचे फोटो त्याच्या फोनमध्ये नातवंडांच्या फोटोंपेक्षा जास्त आहेत. ते पाहायला लावतो. मीही हल्ली तेच करते.

आता उणं. लेबलावरची अक्षरं इतकी बारीक की माझ्या वयाच्या गिऱ्हाइकाला भिंग लागेल. मधाचा प्रकार मोठा लिहा, तुमचं बोधचिन्ह लहान चालेल, हे तोंडावर सांगितलं आहे. डब्याची झाकणं घट्ट बसतात, पहिल्यांदा उघडताना कोणीतरी दणकट माणूस जवळ हवा. क्लोव्हर हिवाळ्याआधीच संपतो. परदेशी ते पाठवत नाहीत, निर्यातीची नोंदणी आणि तपासण्या त्यांच्या आकाराच्या धंद्याला परवडत नाहीत. आणि तिकडे जाताना आपला मध घेऊन जाऊ नका, विमानतळावरच काढून घेतात, न सांगता नेला तर दंड.

डिसेंबर-जानेवारीत दोघंही टेकडीवर असतात, फोन उचलत नाहीत. निरोप ठेवा, अंधार पडल्यावर उलट फोन येतो. पहिल्या खेपेला बगलॉसचा मोठा डबा आणि थाईमचा सर्वांत छोटा मागा.